बुधवारचं गाणं

२२ जानेवारी २०२५, बुधवार

शालूनं आज परत गायिकेचं नाव लिहिलं नाही. नुसती गाण्याची पहिली ओळ, खाली फाइल, आणि त्याखाली — "ओळखा!" श्रीनिवासरावांचा पारा चढला. दहा मिनिटांत ग्रुपवर नियम क्रमांक तीन पुन्हा झळकला. गायक-गायिकेचं नाव अनिवार्य. संगीतकार, शक्यतो राग. फाइल नको, लिंक द्यावी. दुसऱ्याच्या फोनमधली जागा ही आपली मालमत्ता नव्हे.

हा माणूस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आमचा सुपरवायझर होता, आता ग्रुपचा ॲडमिन आहे. मधे फक्त रिटायरमेंट येऊन गेली. त्यांचे वडील पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले, म्हणून यांनी गाण्यांचेही वार लावले. सोमवार ते स्वतः, मंगळवार दत्तोबा लाइनमन, बुधवार शालू, गुरुवार मी. उरलेले तीन दिवस 'श्रवण आणि मनन'. ज्याच्या वारी जे पानात पडेल ते मुकाट ऐकायचं आणि नऊच्या आत अभिप्राय द्यायचा. नुसता अंगठा चालत नाही.

मी अभिप्राय दिला — "काय आवाज! हल्लीच्या पोरींना हे जन्मात जमायचं नाही." लगेच शालूचा मेसेज, मला एकटीला. "खरंच?"

म्हटलं, खरंच.

ऐकलं कुठं होतं मी!

२३ जानेवारी, गुरुवार

माझा वार. बाबांच्या गायन पार्टीतलं एक जुनं भीमगीत टाकलं. खडकीच्या कारखान्यातून सुटले की बाबा तडक पेटीवर बसायचे, हातपाय धुवायच्या आधी. भावानं कॅसेटवरून उतरवून दिलंय.

श्रीनिवासराव : "ठसका आहे. राग सापडला नाही." लिहिणार होते, राग गाणाऱ्यांच्या पोटात होता, तुम्हाला कसा सापडेल. नाही लिहिलं. दत्तोबानं नेहमीसारखे हात जोडले. शालूनं मात्र विचारलं, "तिसऱ्या कडव्याआधी कोणीतरी खोकतंय, ते तुझे बाबा का गं?"

बाबाच ते. मलाच तो खोकला आता ऐकू येत नाही.

इथं लिहायला काय हरकत आहे, ही वही कोणी वाचत नाही. दोनेक वर्षं झाली, मला गाणी ऐकू येत नाहीत. म्हणजे काहीतरी चाललंय एवढं कळतं, शेजारच्या बिल्डिंगमध्ये भांडण चालल्यासारखं. शब्द नाहीत. वरचे सूर तर नाहीतच. पण गाणं कुठलं ते लिहिलेलं असतं, आणि जुनी गाणी सगळी डोक्यात पाठ. त्यावर अभिप्राय ठोकते.

सत्तावीस वर्षं कानाच्या जिवावर पगार घेतला मी. सोलापूरची ट्रंक लाइन अशी खरखरायची की बाकीच्या मुली हात टेकायच्या, तेव्हा मला बोलवायचे. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचे! आणि आता कोणत्या तोंडानं सांगू, ऐकू येत नाही म्हणून? श्रीनिवासराव त्यावर वेगळा नियम काढतील.

२६ जानेवारी, रविवार

सूनबाई म्हणाली, आई, आपला टीव्ही खाली वॉचमनला ऐकू येतोय. म्हटलं, येऊ दे गं अक्षता, एकटाच बसलेला असतो बिचारा.

२९ जानेवारी, बुधवार

शालूचं गाणं. नाव नाही. "ओळखा!" मी त्या काळच्या मोठमोठ्या गायिका पाळीपाळीनं सांगत असते. आज सगळ्यांत मोठं नाव ठोकून दिलं. शालूनं आठ बदाम पाठवले. आठ! नवऱ्याला सगळ्या जन्मात दोन पाठवले नसतील. श्रीनिवासरावांनी राग लिहिला, तर तिनं विचारलं, आणि सूर? ते म्हणाले, निर्दोष. परत दोन बदाम. श्रीनिवासरावांना बदाम! तेही गांगरले असतील.

गाण्याचं वेड तिला पहिल्यापासून. बोर्डावर बसल्या बसल्या गुणगुणायची, मधेच "नंबर प्लीज", की परत गुणगुण. लोकांपुढे मात्र एकदाच गायली. सत्त्याऐंशी साली, ऑफिसच्या गणपतीत. निळी साडी नेसली होती, कानामागं शेवंती. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याला अडकली. परत सुरू केलं, परत तिथंच अडकली. आणि पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

ती मी. वाईट काही मनात नव्हतं, आलं ते आलं हसू. पण माझ्यामागून सगळं ऑफिस हसलं. शालू माझ्याशी बोलायची थांबली नाही, दुसऱ्या दिवशी डबाही वाटून खाल्ला. गायची तेवढी थांबली. बोर्डावर गुणगुणायचीही. अडतीस वर्षांत आम्ही दोघींनी हा विषय काढलेला नाही. बुधवारी मी जरा जास्तच भरभरून लिहिते, त्यात थोडं हेही असणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

शालूचं गाणं आलं. "डोळ्यांसमोर अख्खं बालपण उभं राहिलं," असं लिहिलं. मग भाजी आणायला गेले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दत्तोबाचा वार. गडी लोणी काळभोरला शेतीत रमलाय. गाण्याची ओळबिळ लिहायच्या भानगडीत पडत नाही. फाइल, आणि खाली — 'मळ्यातलं जुनं गाणं हाय, निवांत ऐका.' आता ओळच नाही तर पाठ काय म्हणायचं? फोन कानाला घट्ट लावला. घुंऽऽ असं काहीतरी. माझ्या कानाला सगळीच गाणी घुं. लिहिलं — "दत्तोबा, जिंकलंत! काय तो लांबवलेला सूर! आणि शेवटी आवाज कसा अलगद विरत जातो... डोळे भरून आले."

पाच मिनिटांत श्रीनिवासराव : "आधारस्वर अचल. मागचा तंबोरा अत्यंत सुरेल. हल्ली असा जुळलेला तंबोरा कानावर पडत नाही."

संध्याकाळी शालूचा मेसेज, मला एकटीला. "जया, तू हे खरंच ऐकलंस?"

म्हटलं, म्हणजे काय! दोनदा!

पुढे काही आलं नाही तिचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेले मी.

सकाळी सहा वाजता दत्तोबा : "आवो माफ करा, काल घोटाळा झाला. ती बोअरची मोटार हाय. लई आवाज करती म्हणून मेकॅनिकला ऐकवायची होती. ती तुमच्याकडं आली आन् गाणं त्याच्याकडं गेलं."

बोअरच्या मोटारीला माझे डोळे भरून आले! शेवटी आवाज अलगद विरतो, तो म्हणे लाइट गेली म्हणून.

आणि त्या मेकॅनिकनं गाणं ऐकून दत्तोबाला कळवलंय की बेरिंग गेलंय. जगात कोणीच काही ऐकत नाही.

श्रीनिवासरावांचा तंबोरा सव्वासहाला ग्रुपवरून नाहीसा झाला. त्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी. आयुष्यभर आमच्या चुका लाल पेनानं लिहून ठेवणारा माणूस! मी दुपारपर्यंत कपाळावर हात मारून हसत होते. अक्षतानं दोनदा येऊन बघितलं.

आज शालूचा वार, पण गाणं आलं नाही. वाट बघत होते. चार वाजता ग्रुपवर एक बारीक ओळ उमटली — शालू ग्रुप सोडून गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

श्रीनिवासरावांचं निवेदन. मोटारसुद्धा एका स्वरात फिरत असते, तो स्वर षड्जच होता, आणि कोणाला शंका असल्यास ते पेटीवर ताडून दाखवायला तयार आहेत. दत्तोबा म्हणाला, साहेब, बेरिंग बदललं की परत पाठवतो, तवा कोणता सूर लागतो बघा.

एरवी किती हसले असते. शालूला सात फोन केले, उचलत नाही. असं काय झालं एवढं? मोटार दत्तोबाची, फजिती माझी, हिला का लागावं? माझ्या वारी आज काही टाकलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

वारज्याला गेले, तिच्या घरी. न सांगता.

दार उघडलं, चहा टाकला. गुडघे, पाण्याची वेळ, पुतणीचं लग्न, सगळं बोलली. समोरासमोर असलं की मी ओठांवरून भागवते, कोणाला कळतही नाही. शेवटी विचारलंच, ग्रुप का सोडलास? ती कप विसळत होती, पाठमोरी. पाठमोरीच काहीतरी म्हणाली. मी आपलं नेहमीचं "हो ना" म्हटलं.

नळ बंद करून वळली.

"तू ऐकत नाहीस, जया. आत्ताही नाही ऐकलंस. आणि माझा एकही बुधवार ऐकलेला नाहीस तू. बाकीच्यांचं सोड गं. तू म्हणालीस म्हणून मला खरं वाटलं होतं."

सांगायचं होतं, अगं नाही ऐकू येत मला. अगदी जिभेवर आलं होतं. आणि म्हणाले काय? "कामं असतात गं घरात." काय ही माझी जीभ! झडायला हवी होती. शालू जिन्यापर्यंत सोडायला आली, तेही रीत म्हणून.

खरं वाटलं होतं म्हणजे काय? गाणं चांगलं आहे यात खरंखोटं काय असतं? पण तिचा चेहरा सत्त्याऐंशी सालच्या गणपतीतल्यासारखा झाला होता. बसमध्ये रडू आलं. या वेळी खरं. पंचेचाळीस वर्षांची एकच मैत्रीण आहे मला, ती काही मी अशी घालवणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षताला सांगून टाकलं. वाटलं होतं, पोरगी घाबरेल. ती म्हणाली, "आई, आम्हाला माहितीये." माझ्या लेकाला, ऋषीला माहीत आहे. वॉचमनला माहीत आहे. दोन वर्षं सगळे वाट बघतायत, मी कधी सांगते याची. म्हणजे लपवत फक्त मी होते, आणि तेही माझ्यापासून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कानाची तपासणी. अक्षतानं खराडीच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी काढली. बंद खोलीत बसवलं आणि कानाला हेडफोन लावला — वीस वर्षांनी! सवयीनं ताठ बसले. मुलगी म्हणाली, बारीक आवाज येतील, आला की बटण दाबा. अंदाजानं धडाधड दाबत सुटले. तिनं काचेतून हात केला, दार उघडून आत आली आणि माझ्यासमोर वाकून म्हणाली, "काकू, मी अजून काही सुरूच केलेलं नाहीये."

इथंही अभिप्राय द्यायला निघाले होते मी!

मशीन लागणार. दोन्ही कानांना. आठवड्यानं मिळेल.

४ मार्च, मंगळवार

बसवलं मशीन.

अरे बापरे, घरात केवढा गोंगाट आहे! फ्रिज घुमतो. माझ्याच चपला फटफट वाजतात. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर दचकले. अक्षता "हो आई" म्हणाल्यावर पुढे आणखी काहीतरी पुटपुटते, हेही नव्यानं कळलं. टीव्हीचा आवाज पन्नासवरून बारावर आला. वॉचमननं ऋषीला विचारलं म्हणे, आजी गावाला गेल्या का?

सगळ्यांत आधी बाबांचं गाणं लावलं. तिसऱ्या कडव्याआधी खोकले. मागं घेऊन परत ऐकलं. पाच-सहा वेळा तेवढंच ऐकत बसले.

उद्या बुधवार. शालूचे सगळे बुधवार फोनमध्ये आहेत, एकही पुसलेला नाही. उद्या ओळीनं ऐकणार. कुठं श्वास घेतला, कुठं सूर हलला, सगळं वहीत उतरवणार. मग वारज्याला जाऊन तिच्या तोंडावर खरा अभिप्राय देणार, अगदी नियम क्रमांक तीनप्रमाणे. गायिकेच्या नावासकट.

५ मार्च, बुधवार

तंबोरा नाही, पेटी नाही. मागं कुकरची एक शिट्टी. पहिल्या शब्दालाच ओळखलं.

गायिका — शालू.

दुसऱ्या कडव्याला अडकली नाही.