पूर गेला, पाणी राहिलं

तीर्थरूप आईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून मगच लिहायला बसलोय. पूर ओसरला, मी सुखरूप आहे. पाणी माझ्या खोलीच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबलं. थोडा खोकला आहे, एवढंच.

पुराची उंची मोजायला होडीतून गल्लोगल्ली फिरलो. सगळं गाव झोपेत असल्यासारखं वाटत होतं. दुकानांच्या पाट्या पाण्यात हळूच हलत होत्या आणि आमची होडी कुणाच्या तरी अंगणावरून तरंगत चालली होती.

एका खिडकीत शिवणकाम करणाऱ्या बाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, उंची काय मोजता? पूर जाईल. पण कातडी कारखान्याची घाण आमच्या विहिरीत उतरलीय, ती कधी जाणार?"

पूर ओसरल्यावर मी विहिरीचं पाणी तपासलं. बाईंचं खरं होतं. अहवालात तसं लिहिलं, तर मोठे साहेब म्हणाले, "तुमचं काम पुराचं. नसती उठाठेव कशाला?" मी ते पान काढलं नाही. म्हणून माझी बदली झालीय, नदीपासून लांब. जागा कोरडी आहे, बरंच झालं.

बाबांचे गुडघे कसे आहेत? पाणी उकळूनच प्या. हसू नकोस.

काल निघण्याआधी त्या गल्लीत गेलो. छापलेला अहवाल पोचला असावा, कारण विहिरीवर फळ्या ठोकल्या होत्या. बायका टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणत होत्या. एकीनं मला न ओळखताच तांब्या पुढे केला. मी ते पाणी न तपासता प्यायलो.

लांब असूनही तुझ्याजवळच असलेला,
धाकटा