रोनेव्हा कधी चुकत नाही

११ जून १९९४, शनिवार
आजपासून रोजनिशी. बाळबोध लिपीत, कारण या घरात बाळबोध मला एकट्यालाच वाचता येते. बायको वत्सला आणि मुलगी भुवना मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळ. तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही.
पहिला मान घड्याळाचा. रोनेव्हा, सतरा ज्वेल, किल्लीचं. लग्नाच्या वर्षी त्रिचीला घेतलं. काचेवर चरा, बारामधला एक गळून नुसता दोन उरलाय, पट्टा चौथा. तरी तेवीस वर्षांत एकदाही काटे हलवून वेळ लावलेली नाही. आंघोळीनंतर किल्ली देतो, बस्स. ऑफिसात हेडक्लार्क आहे, एक दिवस लेट नाही. क्वार्ट्झवाल्यांनी यावं आणि बघावं.

१३ जून, सोमवार
भुवनाचं जमलं! पापनाशमचे बाळकृष्णराव, आपल्यातलेच. मुलगा कार्तिक मद्रासला कॉम्प्युटर कंपनीत. इथे तमिळ मुलखात आपली मराठी घरं मोजकी, त्यातून असं स्थळ. भुवनाला विचारलं तर आत गेली आणि दोन इडल्या जास्त खाल्ल्या.
शुक्रवारी मुलीच्या बापाने त्यांच्या घरी तांबूलाचं ताट न्यायचं. त्यांनी घेतलं की पक्कं. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याच्या आत. बाळकृष्णराव राहुकाळात पोस्टमनकडून पत्रही घेत नाहीत म्हणे.
मेहुणे कृष्णाजी म्हणाले, भावजी, वेळेचं मी बघतों. त्यांच्या हातात नवं क्वार्ट्झ, दर तासाला पीं करतं. म्हटलं, वेळ माझ्याकडे.

१४ जून, मंगळवार
वत्सलाच्या बहिणीचा, वरलक्ष्मीचा, पाय मोडला. वत्सला आणि भुवना ओरत्तनाडूला गेल्या. शुक्रवारी वत्सला कृष्णाजींबरोबर परस्पर पापनाशमला येईल. निघताना तीनदा म्हणाली, सकाळीं रेडिओ ऐकून घड्याळ लावींत जा हो, विसरूं नका.
तेवीस वर्षं संसार करून हा विश्वास!

१५ जून, बुधवार
ऑफिसात पोचलो तर वैद्यनाथसाहेब आधीच बसलेले. भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे. प्यूनला सेल बदलायला सांगितलं.

१६ जून, गुरुवार
सेल बदलून आणखी बिघडलं. पन्नास मिनिटं पुढे. साहेबांनी लेटमार्क दिला. आयुष्यातला पहिला. रेडिओ लावला तर बातम्या संपलेल्या. बससुद्धा लवकर सुटतात. हे उदारीकरण आल्यापासून सगळ्या देशाला घाई झालीय. एकटं रोनेव्हा आपल्या चालीने चाललंय.

१७ जून, शुक्रवार. सकाळी ७.५०
ताट तयार. धोतराला इस्त्री. काफी दोनदा झाली. मुबलक वेळ. एक बस सोडून पुढची घेणार, खिडकी मिळते.

१७ जून, संध्याकाळ
लिहवत नाही.
बसमध्ये शेजाऱ्याने वेळ विचारली. मी सांगितली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उठून दुसऱ्या सीटवर बसला. तेव्हाच समजायला हवं होतं.
पापनाशमला त्यांच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा रोनेव्हात पावणेदहा. ओट्यावर सगळे उभे. कोणी या म्हणेना. वत्सला खाली बघत होती. तेवढ्यात कृष्णाजींच्या हातात पीं झालं. अकरा.
बाळकृष्णराव रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, मुलीच्या बापाचें पहिलें पाऊल राहुकाळांत पडलें, हें ताट आम्ही कसें घ्यावें? बारापर्यंत ओट्यावर बसा, पाणी घ्या, मग निघा.
ताट मांडीवर घेऊन तासभर बसलो. विडे सुकले.
परतीच्या बसमध्ये वत्सलाने सांगितलं. तुम्ही न्हाणींत गेलांत की मी रोज रेडिओ ऐकून तें लावितें. लग्न झाल्यापासून. दिवसाला पंचवीस मिनिटं मागें पडतें. कधी सांगितलं का नाही, विचारलं. म्हणाली, तुमचें एवढें प्रेम त्याच्यावर.
म्हणजे तेवीस वर्षं लेट झाला नाही तो मी नव्हतोच. फार लाज वाटली.

१८ जून, शनिवार
शांतपणे विचार केला. घड्याळात तसा दोष नाही. रोज सकाळी थोडी मदत लागते, इतकंच. कोणाला लागत नाही?
दुपारी भुवना परत आली. डोळे सुजलेले. अप्पा, काफी देऊं का, एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
निश्चय: रोनेव्हा विकणार.

१९ जून, रविवार
राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्या कल्याणरामकडे नेलं. त्याने भिंगातून बघितलं, झाकण लावलं आणि परत दिलं. म्हणाला, सार, हें कोण घेणार? तुम्हीच घालावें असें घड्याळ आहे.
वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं.
नवा निश्चय: ट्रंकेत ठेवणार.
संध्याकाळी काढून बघितलं. घातलं. फक्त बघायला.

२१ जून, मंगळवार
एकटाच पापनाशमला गेलो. बाळकृष्णरावांना म्हटलं, पोरीचा दोष नाही, घड्याळाचा. मग म्हटलं, घड्याळाचाही नाही, माझा. हात जोडले. रडू आलं. आवरलं नाही.
ते नरमले. कार्तिकही तिकडून रोज फोन करतोय म्हणे. बुधवार २९, सकाळी नऊ ते दहा. अट एकच. ताट कृष्णाजींनी आणायचं, आणि मी त्या दिवशी घरी राहायचं.
हो म्हटलं. बाप असून हो म्हटलं.

२९ जून, बुधवार
पहाटेच सगळे गेले. कार्तिक मद्रासहून येणार म्हणून भुवनाही. मोरपंखी साडी. नमस्काराला वाकली तेव्हा म्हणाली, अप्पा, तुम्ही यायला पाहिजे होतें. मी म्हटलं, उशीर होईल, निघा.
घरात मी एकटा. सकाळपासून करंट नाही, रेडिओ मुका. शेजारी सेतुरामकडे भिंतीचं घड्याळ आहे, पण मुलीचा बाप घरी का, हे त्याला काय सांगणार?
आंघोळ झाली. किल्ली दिली. रोनेव्हात नऊ दहा. म्हणजे ताट आता दिलं जात असेल. किंवा केव्हाच देऊन झालं असेल. निघायच्या गडबडीत वत्सलाने आज काटे लावले की नाही, मला माहीत नाही.