झडप कधी लावायची

२६ सप्टेंबर
पहाटे दव गोठलं. बटाट्याचा पाला काळा पडला. सगळे बटाटे आजच काढले आणि तळघरात नेले – सहा पोती! वसंतात सवयीने दोघांपुरते लावले होते.

२९ सप्टेंबर
तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा रेइनो आला. माझी होडी काठावर ओढून पालथी घातली. "वहिनी, यंदा औलू शहरात लेकीकडे जा की! एवढं घर एकटीने तापवणार?"
म्हटलं, माझं घर आहे, तापवेन.
"ओइवा अगदी असाच बोलायचा."
बोलायचा! जणू मेलाच. माझा नवरा पन्नास किलोमीटरवर वृद्धाश्रमात बसलाय, जिवंत. रागाने कॉफीही विचारली नाही. मग दिवसभर चुटपुट. आठवड्यात दारात आलेला तो एकच माणूस.

४ ऑक्टोबर
थंडीसाठी खिडक्यांच्या आतल्या जादा काचा बसवल्या. मध्ये कापूस आणि जंगलातलं पांढरं शेवाळ, फटींवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या. पट्ट्या चिकटल्या की बाहेरचं काही ऐकू येत नाही – तळ्याचं पाणी नाही, पाखरं नाहीत. ही शांतता मला दर वर्षी आवडायची. यंदा शेवटची एक खिडकी तशीच ठेवली आहे.

११ ऑक्टोबर
काल जेवण झाल्यावर घर तापवायची विटांची भट्टी पेटवली. ऊब वाया जाऊ नये म्हणून धुराड्याची झडप लवकर लावली. थोड्या वेळात डोकं ठणकायला लागलं, मग मळमळ. उठले तर पायांत त्राणच नाही. रांगत दारापर्यंत गेले, दार ढकललं आणि पायरीवर पडून राहिले. बर्फासारखा दगड गालाला लागत होता, तोच बरा वाटला.
एक्केचाळीस वर्षं ती झडप ओइवाच लावत आला. केव्हा लावायची, मी कधी विचारलंच नाही.
रीत्ताचा फोन आला होता. तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लेक गाडी घेऊन मला न्यायलाच आली असती.

१२ ऑक्टोबर
भट्टी पेटवली नाही. कोट घालून जेवले.

१५ ऑक्टोबर
बसने ओइवाकडे. खिडकीपाशी होता. उठून मान लववली – "नमस्कार बाई. कुणाकडे आलात?"
जूनपासून हे असंच. आयुष्यभर 'अगं मार्ता', आणि आता 'बाई'. सवय होत नाही.
आज मीही परक्यासारखं विचारलं – भट्टीची झडप कधी लावायची हो?
चेहरा एकदम उजळला. "नवरा सांगत नाही?"
"घरी नसतो."
"मग नीट ऐका. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचते ना, ती दिसते तोवर झडपेला हात लावायचा नाही, नाहीतर विषारी वायू घरातच कोंडतो. एवढासा निळा ठिपका असला तरी नाही! आमच्या हिला दम धरवत नाही. थंडी वाजली की झडप लावून मोकळी होईल. म्हणून ती झोपली की मी बसतो भट्टीसमोर." मग हळूच, गुपित सांगावं तसं – "तिला वाटतं, मी पेपर वाचतो."
मला तसंच वाटायचं. त्या पेपरावरून किती टाकून बोलले आहे मी त्याला!
निघताना हात धरला माझा. "त्या बाजूला जाणार असाल तर आमच्याकडे डोकावून या. ती एकटीच आहे."
बस आली. चढवेना. पुढच्या बसने आले.

१७ ऑक्टोबर
निळी ज्योत पार विझेपर्यंत बसले. मगच झडप लावली. सकाळी भिंत कोमट!

२३ ऑक्टोबर
रीत्ताला सांगितलं, बाबांना घरी आणायचंय.
"आई, वेड लागलंय का तुला? त्यांना घर आठवत नाही, तू आठवत नाहीस. बर्फात निघून गेले म्हणजे?"
खोटं नाही बोलत ती. फोन ठेवून त्या राहिलेल्या खिडकीला पट्ट्या लावल्या.
वृद्धाश्रमातल्या नर्स म्हणाल्या, आधी एक दिवस नेऊन बघा.

२८ ऑक्टोबर
बर्फ सुरू. रेइनोने बाहेरच्या दाराला उंचावर कडी ठोकून दिली. कशाला, ते विचारलं नाही त्याने. कॉफीचे तीन कप प्यायला.

२ नोव्हेंबर
रेइनोच्या गाडीतून ओइवाला आणलं. टोपी काढून दारातच उभा राहिला, पाहुण्यासारखा. मग खिडक्यांच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "चोख काम. कुणी केलं?" मी, म्हटलं.
अंधार पडायच्या आत परत सोडायचं ठरलं होतं. रेइनो गाडी सुरू करून थांबला. ओइवा उठेचना.
"बाई, तुमच्या घरच्यांची हरकत नसेल तर... थंडी संपेपर्यंत राहू का इथे?"
म्हटलं, राहा.