'अधांतरी'चं वाक्य

छत्रपती संभाजीनगर,
दि. ४ नोव्हेंबर २०२५

चि. तनुजास अनेक आशीर्वाद.

कान पुरते गेले, फोन नुसता गुणगुणतो, म्हणून आता पोस्टाचा आधार. मुलांसाठी शब्दकोश करतोय, हे तुला ठाऊक आहेच. निवृत्त मास्तरला तेवढाच उद्योग. पण गाडी अजून 'अ'मध्येच रुतली आहे. 'अधांतरी'पुढं 'आधाराशिवाय हवेत तरंगणारे' असा अर्थ लिहिला, पण वाक्यं सगळी पुस्तकी सुचतात. सोयगावात हा शब्द कोण, कधी वापरतं, ते कळव.

विशाखाच्या खोड्या सविस्तर लिही. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा मामा,
काकासाहेब

सोयगाव,
दि. १२ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस, सा. न. वि. वि.

शब्द विचारायला तुम्हाला बरी भाची सापडली! विशाखा मजेत आहे. पाढे बाईंनाच येत नाहीत, असं घरी येऊन सांगते.

तुमचा शब्द आमच्याकडे रोज निघतो. हे कामाच्या शोधात तुमच्या शहरात गेले आणि बेपत्ता झाले, त्याला सात वर्षं झाली. सासूबाई म्हणतात, "ना सवाशीण, ना विधवा. आशी अधांतरी किती दिस ऱ्हाशील?" पौषाआधी ह्यांच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, असं त्यांनी ठरवलंय. माणूस जिवंत असताना पुतळा कसा जाळायचा? मी नाही म्हटलं. तेव्हापासून अबोला आहे.

आणि मी अधांतरी कशी? पोलिसांनी शवागारात बोलावलं तेव्हा प्रेत बघून तुम्हीच सांगितलंत, की हा सुदर्शन नाही. त्या शब्दावर मी उभी आहे. तुम्ही सांगाल तसं करीन.

लोभ आहे, तो असाच राहू द्या.

तुमची तनुजा

छत्रपती संभाजीनगर,
दि. २४ नोव्हेंबर

चि. तनुजास,

तुझं पत्र आठ दिवस उशाशी होतं.

विधी करून घे. तो सुदर्शनच होता. चेहरा ओळखू येत नव्हता, पण डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली होती. तुझ्या कन्यादानात ते पाय मीच धुतले होते.

तुला सातवा महिना होता. बाळंतपण होऊ दे, मग बारसं होऊ दे, असं करत राहिलो. प्रेत बेवारस म्हणून पुरलं गेलं. मी भ्यालो, तनू. आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही.

काकासाहेब

सोयगाव,
दि. १० डिसेंबर

मामा,

काल विधी झाला. विशाखाचा हात धरून मीच अग्नी दिला. सासूबाईंनी माझं कुंकू पुसलं आणि माझ्याआधी त्याच रडल्या. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

सात वटपौर्णिमा मी ह्यांच्या आयुष्यासाठी उपाशी राहिले. दर वर्षी तुम्ही अखंड सौभाग्यवती भव म्हणालात.

त्या दिवशी ह्यांच्या अंगावर काय होतं आणि ह्यांना कुठं पुरलं, एवढं कळवा. त्यानंतर पत्र धाडू नका.

तनुजा