गरम नळाचं गार पाणी

शुक्रवार, ५ जून १९९८

पोचले बाई एकदाची! विमानाबाहेर पाऊल टाकलं आणि वाटलं, आप्पांनी बॉयलरच्या भट्टीचं दारच उघडलं. साखर कारखान्यातल्या बॉयलर अटेंडंटची मुलगी म्हणून उकाड्याचं मला काय कौतुक, असं मिरवत आले होते. दुबईच्या जूननं पहिल्याच मिनिटाला माझी जिरवली. न्यायला हे आणि ह्यांचे वसंतमामा आले होते. (हे म्हणजे श्रीनाथ. लग्नाला महिना झाला तरी नाव लिहिताना लाजायला होतं.) मामांची कॉन्ट्रॅक्टिंगची कंपनी, हे तिथेच इलेक्ट्रिकल सुपरवायझर. शालिनीमामींनी दारात भाकरतुकडा ओवाळला, शिऱ्याचा डबा हातात दिला. मामा माझा पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत ठेवायला घेऊन गेले, इथे तशीच पद्धत आहे म्हणे. अल मनखूलमधलं हे घर छोटंसं आहे, पण माझं आहे.

आल्या आल्या फजितीही झाली. अंघोळीला गार पाण्याचा नळ सोडला आणि किंचाळलेच. ह्यांना हसू आवरेना. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की गार नळाला चटका देणारं पाणी येतं. म्हणून इथले लोक हीटर बंद करून ठेवतात. तो बाथरूममध्ये, एसीच्या गारव्यात असतो, त्यातलं पाणी निवतं, आणि गरम नळाला गार पाणी! सगळी बिल्डिंग असंच करते. गिरिजाबाई, इथे सगळं उलटं, असं हे म्हणाले. सुखाने झोपते आता.

सोमवार, ८ जून

आपला हीटर गातो! दुपारी हे साइटवर असताना आधी बारीक सूर, किटली उकळायच्या आधी लागतो तसा. मग टक टक.

बॉयलर बोलत असतो, ऐकणारा हवा, हे आप्पांचं नेहमीचं वाक्य. टकटक म्हणजे पाइप तापून फुगतात, ते एक वेळ मान्य. पण सूर लागतो तो तळाला क्षार साचला की. ह्या हीटरवरचा कंपनीचा स्टिकरसुद्धा अजून निघालेला नाही, क्षार साचायला वेळ कधी मिळाला? आणि मुळात तो बंद आहे. स्विच बाथरूमबाहेर, पॅसेजमध्ये. तीनतीनदा पाहिला, बंदच. बंद चुलीवर दूध कसं उतू जाईल?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, नव्या नवरीचे कान नवे असतात.

गुरुवार, ११ जून

आत हवा अडकली असेल म्हणून नळ सोडून ठेवले. हवा नव्हती. शेजारच्यांच्या पाइपातून येत असेल म्हणून भिंतीला कान लावला. भिंत मुकी. आवाज हीटरच्या टाकीतूनच येतो, आणि हे घरात नसतानाच. मी नळाजवळ गेले की वाढतो.

आज आणखी एक लक्षात आलं. हे घरी अंघोळच करत नाहीत. साइटवर उरकून येतो म्हणतात. मी आपली कौतुकाने त्यांचा टॉवेल वाळत घालत होते, तो ओला कधी झालेलाच नाही.

रविवार, १४ जून

शेजारच्या शहनाझभाभी, रत्नागिरीच्या, कालवण घेऊन आल्या. हीटरचा आवाज ऐकून त्यांनी कालवण तिथेच खाली ठेवलं. “तुला कुणी काही बोललं नाही गो?” असं विचारून त्या रडायलाच लागल्या.

माझ्याआधी इथे सगुणा होती. श्रीनाथची बायको. तिला माहेरी जायचं होतं, त्यावरून भांडणं व्हायची, भिंतीपलीकडे ऐकू यायची. मागच्या जुलैत ती बाथरूममध्ये शॉक लागून गेली. हीटर चालू ठेवून अंघोळ करत होती, अपघात झाला, असं सगळ्यांना सांगितलं.

भाभी गेल्यावर मी पॅसेजमध्ये उभी राहून त्या स्विचकडे बघत राहिले. जुलै महिना. ह्या बिल्डिंगमध्ये जुलैत एकही हीटर चालू नसतो. मग हा कुणी केला? आत अंघोळ करणाऱ्या बाईचा हात बाहेरच्या स्विचपर्यंत पोचतो का?

आजपासून ‘हे’ नाही. श्रीनाथ. तो.

सोमवार, १५ जून

तो गेल्यावर हीटरचं खालचं झाकण उघडलं. आवाज चालूच होता. शॉकपासून वाचवणारी अर्थिंगची वायर तुटलेली नाही, कापलेली आहे. पकडीने, नीट. टोक अजून चकचकीत.

सगुणाच्या वेळचा हीटर काढून टाकला, असं भाभी म्हणाल्या होत्या. हा नवा आहे. म्हणजे ही वायर तिच्यासाठी कापलेली नाही.

वायर जोडायला गेले तर टाकीतून असा तडाखा आला की स्टुलावरून पडले. सगुणाला राग आला? की मला वाचवत होती? वाचवतच असणार. ह्या घरात खरं बोलणारी तीच एक.

मंगळवार, १६ जून

आप्पांना फोन केला. आवाज कसा, कधी, कुठून, सगळं नीट सांगितलं. त्यांनी हीटरबद्दल एक प्रश्न विचारला नाही. विचारलं ते एवढंच, बाथरूम तेच आहे का गं.

आप्पांना माहीत होतं. श्रीनाथ बिजवर आहे ते. सगुणा कशी गेली ते. सगुणा गेल्यापासून घर शांत नाही, घरात लक्ष्मी आली की शांत होईल, असं मामांनी बैठकीत सांगितलं होतं. बोलायची रीत, असं समजून आप्पांनी होकार दिला. दुबईचं स्थळ घरी चालून आलं होतं ना! ज्यांनी मला वाफेचा सूर ओळखायला शिकवलं, त्यांनी माझ्यापासून एवढं लपवलं. आप्पा, तुम्हीसुद्धा?

वायरीचं सांगितलं तेव्हा ते रडले. कुणाला बोलू नका म्हणून मी त्यांना शपथ घातली. उद्या दुपारी भाभी मला त्यांच्या बहिणीकडे पोचवणार आहेत. पासपोर्ट गेला खड्ड्यात.

बुधवार, १७ जून — सकाळी

मामींचा फोन. आप्पांनी रात्रीच मामांना फोन करून श्रीनाथची समजूत घालायला सांगितलं म्हणे. आपल्या माणसांत काय लपवायचं. श्रीनाथ घरी यायला निघालाय, शांतपणे बोलून घ्या, तमाशा नको, खलास.

आप्पांनी त्यांनाच सांगितलं. त्यांनाच.

भाभींच्या दाराला कुलूप. लिफ्ट वर येतेय — तोच. तोच आहे —

बाथरूममध्ये आहे. घरात आतून कडी फक्त ह्याच दाराला. वही बरोबर घेतलीय, त्याच्या हाती नको. नळ घट्ट बंद. फरशी कोरडी खडखडीत. पाणी नाही तर करंट लागत नाही. दार फोडलं तर भाभी — कुणीतरी ऐकेल —

टाकी गप्प आहे. पहिल्यांदाच. सगुणा, आता तुझाच आधार गं.

तो बाहेर आहे. दार ढकलत नाही. स्विच — टक्. हीटरचा लाल दिवा लागला.

बोलतोय. हळू, लाडीगोडीने. माझ्याशी नाही. म्हणतोय, सगुणा, आणली तुला सोबत. आता तरी गप्प राहशील ना?

राहणार नाही ती. ती माझ्या —

नळ फिरतोय. मी हात लावलेला नाही. पाणी — फरशीवर — सगुणा, नको, मी तर तुझ्या बाजूची — बाई गं, बंद कर, पायाशी आलं, पाया