अंबुबाईंच्या कोनाड्यातले स्फटिक

चिंचवड,
गुरुवार, २१ फेब्रुवारी १९८०

प्रिय मधुसूदन,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडखळलं, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करायची ते मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा राहू दे. तुझं पत्र पोचलं. नऊ वर्षांनी आलं आणि चार पानी आलं, म्हणजे काहीतरी काम असणार हे पाकीट फोडायच्या आधीच कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय इंग्लंडातही गेली नाही म्हणायची. तीन पानं तिकडची थंडी, तुझी नवी प्रयोगशाळा आणि माझ्या आईची चौकशी. चौथ्या पानावर मुद्दा: माझे स्फटिक तुला हवेत. कंपनीतला मुकुंद मार्चमध्ये तिकडे येतोय, त्याच्याबरोबर दहा कुप्या पाठव, आणि लेखाच्या शेवटी तू माझे 'ठळकपणे' आभार मानशील. आई सत्त्याहत्तर साली गेली, मधुसूदन. मुकुंदने स्फटिकांची बातमी तुला लगेच कळवली, ही कळवली नाही वाटतं.

आज गुरुवार, इथली औद्योगिक सुट्टी. शेजारच्या शेडमधला पत्रा ठोकणारा प्रेस गप्प आहे, म्हणून अक्षर सरळ येतंय. तू गेलास तेव्हा तिथे रिकामं शेत होतं. आता दिवसभर असा दणका बसतो की टेबलावरच्या चहालासुद्धा कापरं भरतं. बाकी आपली औषधांची कंपनी तेवढीच आहे, प्रयोगशाळेच्या दोन खोल्याही त्याच. भिंतीवर तू पेन्सिलने काढलेला पेनिसिलीनचा रेणू अजून आहे. रंगारी आला होता, मी पुसू दिला नाही. त्यावरून भलता अर्थ काढू नकोस, आकृती बरोबर होती एवढंच.

त्या आकृतीसमोर उभं राहून तू मला पहिल्यांदा समजावलं होतंस की एका साध्या बॅक्टेरियाच्या पोटातलं एन्झाइम पेनिसिलीनची शेपटी तेवढी कापतं आणि गाभ्याला धक्का लावत नाही. त्या गाभ्याला नवी शेपटी जोडली की नवं औषध. आपण रसायनं ओतून तेच करायला गेलो की निम्मा गाभा फुटायचा, आणि हा डोळे नसलेला जंतू अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा नेमका तिथेच कातरतो! त्याला जागा कशी कळते? रेणू बसतो ती खोबण कशी असेल? ती पाहायची तर एन्झाइमचे स्फटिक हवेत, त्यांतून क्षकिरण सोडायला हवेत. त्या दिवशी मी घरी गेले आणि जेवायचं विसरले. हे वेड तू मला दिलंस, हे मी कधी नाकारलेलं नाही.

पण मग एकाहत्तरचा लेख आला. चौदा महिने पहाटेची पहिली बस पकडून मी बॅक्टेरिया वाढवले, फोडले, गाळले आणि ते एन्झाइम शुद्ध केलं. लेखावर नाव तुझं एकट्याचं. शेवटी बारीक टायपात, 'कु. एम. केळकर यांनी केलेल्या मदतीबद्दल आभार.' केळकर! मी केतकर आहे हे लग्न ठरलेल्या माणसाच्याही लक्षात राहू नये? मी विचारलं तेव्हा तू हसत म्हणालास, अगं, मे महिन्यात तुझं नाव माझंच होणार, वेगळं छापायचं कशाला? आठवड्याने मी लग्न मोडलं. लोकांनी पत्रिकेपासून हुंड्यापर्यंत सगळी कारणं लावून पाहिली. तुला वाटलं असेल, रुसवा आहे, निघेल. खोटं कशाला सांगू, दोन वर्षं मी रडले. रडत रडत काम केलं. रुसवा मात्र निघाला नाही, कारण तो रुसवा नव्हताच.

त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं मला एकही स्फटिक मिळाला नाही. मीठ हळूहळू वाढवत नेलं की एन्झाइमचे स्फटिक बनायला हवेत, माझ्या कुप्यांत फक्त पांढरा साका बसायचा. मी मीठ बदललं, पाणी बदललं, कुप्या बदलल्या. शेवटी उत्तर दिलं ते अंबुबाईंनी. आपल्याकडे काचसामान धुतात त्या, देहूच्या. तू होतास तेव्हाही त्या होत्या, पण तू त्यांना 'ओ बाई' म्हणायचास, नाव तुला ठाऊक नसणार. एक दिवस मी साक्याकडे बघत कपाळाला हात लावून बसले होते. त्या म्हणाल्या, "बाई, दह्याचं भांडं सारखं हलवलं तर दही लागंल व्हय? तुमचं हे थंड कपाट दिसभर थरथरतंय. कुप्या माझ्या घरी ठिवा की." प्रेसचा दणका आणि कपाटाचा स्वतःचा कंप्रेसर! मी आठ वर्षं मिठाला दोष देत होते. तुझ्याकडेही तीन वर्षं साकाच बसतोय म्हणतोस. तुझ्या त्या भल्यामोठ्या थंड खोलीत कंप्रेसर आहे ना?

डिसेंबर अठ्ठ्याहत्तरमध्ये कुप्यांचा डबा मांडीवर धरून मी एसटीने देहूला गेले. अंबुबाईंच्या मागच्या खोलीत, जाड मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात, ओल्या वाळूच्या परातीत कुप्या ठेवल्या. त्यांनी सुनेला उखळ अंगणात हलवायला लावलं आणि नातवंडांना दम भरला, "तिकडं फिरकला तर तंगडं मोडीन." एकोणीस दिवसांनी गेले तर त्या दारातच उभ्या होत्या. "चमकतंया काय तरी," एवढंच म्हणाल्या. खडीसाखरेचे कण असावेत तसे, कडा धरलेले! मी खाली बसून रडले आणि त्यांनी मला चहा पाजला.

पुढे बंगलोरला एका प्रयोगशाळेत त्यांतून क्षकिरण सोडले. फिल्मवर ठिपके उमटले, ओळीने, शिस्तीत. खोबण अजून दिसलेली नाही, त्याला आणखी काही वर्षं लागतील. पण स्फटिक खरे आहेत. तुझं पत्र वाचून आमचे साहेब म्हणाले, पाठवून द्या, त्यांच्याकडे यंत्रं आहेत, आपल्याकडे काय आहे? मी म्हटलं, स्फटिक आहेत.

तर कुप्या मिळणार नाहीत. आयत्या बिळावर नागोबा व्हायची संधी एका माणसाला एकदाच मिळते, तू ती घेऊन बसला आहेस. नुसता नकार कळवायचा असता तर साधं कार्ड पुरलं असतं, पाकीट घेतलं ते सोबतच्या छापील पानांसाठी. परवाच आली. लेखिका दोघी: मृदुला केतकर आणि अंबुबाई मोरे. संपादकांनी विचारलं, दुसऱ्या बाईंची पदवी काय? मी कळवलं, चौथी पास, आणि मला आठ वर्षं न सुटलेलं त्यांनी एका वाक्यात सोडवलं, नाव काढायचं असेल तर लेख परत पाठवा. त्यांनी छापला. कृती अथपासून इतिपर्यंत दिली आहे, मीठ किती, वाळू किती ओली, कोनाडा जमिनीपासून किती उंच. काही लपवलेलं नाही. तुला स्फटिक हवेत ना? वाढव, आणि तुझ्या लेखात आम्हा दोघींचा दाखला दे. शेवटचं पानही उलटून बघ. तिथे बारीक टायपात तू आहेस, सुरुवातीच्या काळात केलेल्या मदतीबद्दल आभार. तुझं आडनाव मी दोनदा तपासून घेतलं आहे.

माझी मीच,
मृदुला केतकर