पेजेवरचं रक्त

फेलिसिदादबाय,

रक्त तपासायची तारीख मिळेपर्यंत माझी लुर्दिन महिनाभर मुंबईत तुमच्याकडे होती. तिचे जुलाब थांबावेत म्हणून तुम्ही तिला नुसत्या तांदळाच्या पेजेवर ठेवलंत. आजारी पोराला आपण दुसरं देतो काय? मग रिपोर्ट आला आणि तुम्ही भावाला कळवलंत, "गव्हाचा आजार नाही. हे आईचं वेड." मालवणात बेकरी चालवणाऱ्याला याहून गोड बातमी कोणती?

काल सावंतवाडीच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "रक्त काढलं तेव्हा पोर काय खात होती?" पोटात गहू जात असेल तरच तो आजार रक्तात दिसतो म्हणे. पेजेवरचं रक्त गप्पच राहणार.

आता पुन्हा तपासणी. त्याआधी काही आठवडे तिला रोज पाव खायला घालायचा. कागद पाहिल्याशिवाय तुमचा भाऊ ऐकणार नाही, आणि तुम्हीही. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

आज सकाळी भट्टीतला ताजा पाव तिच्या तोंडाशी धरला. "माका पोटात दुखतला गो, आये," म्हणाली.

मी हात मागे घेतला नाही. तेव्हा तिने तोंड उघडलं.

तुमची वेडी भावजय,
क्लेमेंतीन